शुभेच्छुकांच्या रांगेत ओदिल

सिडनीत पेंडल हिल स्टेशनजवळच्या ज्या हॉलमध्ये आमचं मंडळ गणपती बसवतं, त्याच्या कुंपणावर गेल्या वर्षी उत्सवाच्या पहिल्या शनिवारी एक मोठा फ्लेक्स लागला. वर गणपती, मध्ये हात जोडून उभा, निवडणुकीतला आमचा उमेदवार यतिन आणि खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांचे फोटो. मंडळाचे अध्यक्ष होते, वेस्टमीडचे एक डॉक्टर होते, मी होतो आणि माझ्या उजव्या हाताला ओदिल होती. खांद्यावर शाल, हातात नारळ. फोटोखाली लिहिलं होतं, 'डॉ. ओदिल वेर्दिए, सुप्रसिद्ध फ्रेंच विदुषी'.

ओदिल तेव्हा माझ्याबरोबरच होती. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये, आमच्या बरोबर खालच्या युनिटमध्ये राहते. माझी बायको नीलिमा दर वर्षी तिला आरतीला बोलावते आणि मी गाडीतून घेऊन येतो. ती गाडीतून उतरली, कुंपणापर्यंत चालत आली आणि थांबली. माणसाच्या चेहऱ्याचा रंग उतरतो हे मी आजवर नुसतं वाचलं होतं. तिने कुंपणाची जाळी धरली.

आमचं बोलणं इंग्रजीत होतं, पण आठवताना मला ते मराठीतच ऐकू येतं.

"दीना, तिथे काय लिहिलंय?" तिने विचारलं. मला दीना म्हणणारी ती जगातली दुसरी बाई. पहिली माझी आत्या.

"तुझं नाव. आणि मोठी विद्वान असं."

"त्याच्यावर, मोठ्या अक्षरात?"

"शुभेच्छुक. म्हणजे ज्यांच्या शुभेच्छा आहेत ते लोक."

"कोणाला शुभेच्छा?"

"यतिनला."

"मी यतिनला शुभेच्छा दिल्या होत्या?"

ती वाकली आणि फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यातली बारीक ओळ वाचू लागली. इथे निवडणुकीचा कुठलाही कागद छापला की तो कोणाच्या जबाबदारीवर छापला त्याचं नाव-पत्ता घालावाच लागतो. तिथे आमच्या सेक्रेटरीचं, हृषीकेशचं नाव होतं, क्वेकर्स हिलचा पत्ता होता. "नियमाप्रमाणे आहे," ती म्हणाली आणि हॉलच्या पायरीवर बसली. आत टाळ वाजायला लागले होते.

तिला एवढा धक्का का बसला हे समजायला तिचं आयुष्य थोडं सांगावं लागेल. मला ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. काही जिन्यात, काही स्टेशनजवळच्या दुकानात कढीपत्ता निवडताना, काही आमच्या जेवणाच्या टेबलावर.

ओदिलचा जन्म फ्रान्समध्ये, लिमोझ शहराजवळच्या एका लहान गावातला. वडील गावच्या नगरपालिकेत पडेल ते काम करणारे. तिकडे निवडणूक आली की शाळेबाहेर लोखंडी फळ्या उभ्या करतात, प्रत्येक उमेदवाराला एक, सगळ्या एकाच मापाच्या. गावात या फळ्या उभ्या करणं आणि त्यांची देखरेख वडिलांकडे असे. रात्रीत कोणी एखादं पोस्टर फाडलं की सकाळी ते पुन्हा चिकटवत. खळीची बादली ओदिलच्या हातात. वडिलांना आवडणारा एक पक्ष होता, असं ती म्हणते, म्हणजे असणारच. पण तो कुठला हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नाही. खळ सगळ्यांना सारखी लावायची, एवढंच ते म्हणत. वडील वारल्यावर तिने आणि आईने त्यांची कपाटं आवरली, तेव्हाही पत्ता लागला नाही.

ती शिकायला पॅरिसला गेली आणि इतिहास घेतला. प्रबंधाला विषय निवडला तो तिच्या गुरुजींना पोरकट वाटला होता: टीव्ही नवा असताना पुढारी त्याच्यासमोर बसायला कसे शिकले. तिने जुनी भाषणं पुन्हा पुन्हा पाहिली. पुढाऱ्याच्या समोरचं टेबल केव्हा लहान झालं, कागद केव्हा नाहीसा झाला, 'माझ्या देशबांधवांनो' म्हणणारा माणूस 'तुम्हाला रोज सकाळी' असं केव्हा म्हणू लागला, याच्या तिने नोंदी केल्या. पुढे तिचं त्यावर पुस्तक आलं, ती शिकवू लागली, परिषदांना जाऊ लागली. ती एकच प्रश्न वेगवेगळ्या रीतीने विचारत आली आहे: पुढारी लोकांशी लोकांच्याच भाषेत बोलतात, तर ती भाषा ते उचलतात कुठून?

मग तिने ग्रॅहम नावाच्या इथल्या माणसाशी लग्न केलं. तो मातीचा अभ्यास करणारा शास्त्रज्ञ. त्याच्यासाठी ती सिडनीला आली आणि पॅरिसमध्ये लेक्चर देणारी बाई इथे संध्याकाळच्या वर्गात हौशी लोकांना फ्रेंच शिकवू लागली. अशी बरीच वर्षं गेली. अखेर एका युनिव्हर्सिटीत जागा मिळाली. तो विभाग आधी इतिहासाचा होता, मग मीडियाचा झाला, मग कम्युनिकेशनचा, आणि शेवटी त्याला बिझनेस स्कूलखाली घातलं. मी बी.कॉम. माणूस, सगळी नोकरी हिशेबखात्यात गेली. मी तिला म्हटलं होतं, "म्हणजे अखेर तू आमच्यातच आलीस." ती हसली होती. पण पुढच्या वर्षी त्यांनी तो विभागच बंद केला. ती एका सोमवारी वर्ग घ्यायला गेली तर तिच्या खोलीचं कार्ड चालेना. पत्र आधी गेलं होतं, ते चुकीच्या पत्त्यावर. सिक्युरिटीच्या माणसाने तिला सांगितलं, आणि तोच बिचारा जास्त घाबरला होता. नंतर त्यांनी तिला मानद म्हणून ठेवलं. एक टेबल, तेही आठवड्यातून दोन दिवस, दुसऱ्याबरोबर वाटून.

ग्रॅहम गेल्यावर ती आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आली. आणि इथे तिला नवा विषय सापडला. पश्चिम सिडनीत नव्याने येऊन राहिलेल्या लोकांशी पक्ष कसे बोलतात, आणि त्या लोकांना खरं काय वाटतं. तिचं हे शेवटचं पुस्तक होणार होतं. ती स्वतःच तसं म्हणायची, रडव्या सुरात नव्हे, एखादं काम संपवून घरी जायचं असतं तसं. युनिव्हर्सिटीने परवानगी दिली ती एका अटीवर: तिचा कुठल्याही उमेदवाराशी संबंध नाही हे प्रत्येक घरात सांगायचं आणि पाळायचं. ही अट तिला घालायची गरजच नव्हती. ती तिच्या वडिलांपासून चालत आलेली होती.

मराठी घरं तिला मी मिळवून दिली. मंडळात तिचं एक व्याख्यान ठेवलं, ते चांगलं झालं. शेवटी आपल्या पद्धतीप्रमाणे शाल-श्रीफळ. फ्लेक्सवरचा फोटो तोच.

आपल्याकडे अनोळखी माणूस एकटा कोणाच्या घरी जात नाही. कोणीतरी बरोबर लागतं, 'या आमच्या मॅडम' म्हणून सांगणारं. मला ऑफिस असायचं. हृषीकेश आयटीतला, घरूनच काम करणारा, आणि हौशी. तो म्हणाला, "काका, मी नेतो ना मॅडमना. नो वरीज." एप्रिल-मेमध्ये तो तिला घरोघर घेऊन गेला. कोणाचे आईवडील भारतातून आलेले असले की त्यांचं बोलणं इंग्रजीत करून सांगायचा. ओदिल त्याच्यावर खूश होती.

यतिन निवडणुकीला उभा राहणार हे तेव्हा मला किंवा ओदिलला माहीत नव्हतं. तो पुण्याहून इथे शिकायला आलेला मुलगा, मग नोकरी, मग पीआर म्हणजे कायम राहायचा परवाना, मग सिटिझन. जूनमध्ये त्याने जाहीर केलं की काऊन्सिलसाठी, म्हणजे इथल्या नगरपालिकेसाठी, अपक्ष उभा राहतो आहे. निवडणूक ऐन गणेशोत्सवात येत होती. मंडळात आनंदीआनंद. आपला माणूस पहिल्यांदाच. प्रचाराचं सगळं काम हृषीकेशने अंगावर घेतलं.

ऑगस्टमध्ये यतिनचं पत्रक लेटरबॉक्समध्ये पडलं, तेव्हा ओदिल ते हातात घेऊन वर आमच्याकडे आली होती.

"नीलिमा, हे वाच. 'नाइट शिफ्ट संपवून कार पार्कपर्यंत जाताना मी फोन कानाला लावते, पलीकडे कोणी नसलं तरी.' हे वाक्य कुठल्या पक्षाच्या ऑफिसात बसून सुचत नाही. हा मुलगा लोकांचं ऐकतो."

"यतिन लहानपणापासून हुशार आहे म्हणे," नीलिमा म्हणाली.

हे सगळं त्या शनिवारच्या आधीचं. फ्लेक्स पाहिल्यावर मी आत जाऊन हृषीकेशला बाहेर बोलावलं. तो सोवळं नेसून आला, हातात आरतीचं तबक.

"मॅडमना विचारलं होतंस का?" मी म्हटलं.

"कशाबद्दल?"

"फोटो टाकण्याबद्दल."

तो माझ्याकडे असा पाहत राहिला की मीच काहीतरी विचित्र बोललो आहे. "काका, तुम्हाला तरी कुठे विचारलं? अध्यक्षांना नाही विचारलं, डॉक्टरांना नाही. सगळ्यांचे टाकले आणि मॅडमना वगळलं असतं तर कसं दिसलं असतं? वर्षभर आपल्यात येतात. उलट त्यांना वाईट वाटलं असतं."

"त्यांना वाईट वाटलंय."

"मग नाव मोठं करू का?"

त्याने हे मनापासून विचारलं. मी त्याला तिकडे, पायरीवर बसलेल्या ओदिलकडे बोट दाखवलं. तो गेला, तबक तिच्यापुढे धरून वाकला आणि म्हणाला, "मॅडम, सॉरी, इट इज आवर रिस्पेक्ट." ओदिलने ज्योतीवर हात फिरवून तो कपाळाला लावला, जसं नीलिमाने शिकवलं होतं. मग म्हणाली, "हृषीकेश, मला खाली उतरव. आत्ता."

फ्लेक्स उतरला. पण तोपर्यंत तो सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला होता, आणि कोणीतरी तो युनिव्हर्सिटीलाही पाठवला. कोणी ते कळलं नाही, दुसऱ्या एखाद्या उमेदवाराचं माणूस असणार. मंगळवारी तिला बोलावणं आलं. ते लोक सभ्यपणे वागले, असं तिने सांगितलं. अभ्यास थांबवायचा. ज्या ज्या घरी मुलाखत घेतली त्या प्रत्येक घरी परत जायचं, आपला कोणाशी संबंध नाही हे सांगायचं आणि मुलाखत ठेवायची की पुसायची हे त्यांना ठरवू द्यायचं.

"बरोबर आहे," ती मला म्हणाली. "त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. काही लोक नाही म्हणतील, काही हो म्हणतील. निम्मी घरं राहिली तरी पुस्तक होतं." तिचा आवाज आता सरळ झाला होता. मला वाटलं, निभावलं.

गुरुवारी मी रजा टाकली आणि तिला क्वेकर्स हिलला मीनाक्षीकडे घेऊन गेलो. मीनाक्षी वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तीही विद्यार्थी म्हणून आलेली. मुलाखत घ्यायला ओदिल सगळ्यात आधी तिच्याकडेच गेली होती. दुपारची वेळ, मीनाक्षी नुकती उठलेली, नाइट करून आली होती. चहा ठेवला, चिवडा काढला. ओदिलने सगळं नीट सांगितलं: तो फ्लेक्स चुकून लागला, आपला यतिनशी काहीही संबंध नाही.

"नो वरीज, मॅडम," मीनाक्षी म्हणाली. "मला काही प्रॉब्लेम नाही. आम्हाला पहिल्यापासून माहीतच होतं ना."

"काय माहीत होतं?"

"की तुम्ही यतिनचं माणूस आहात."

ओदिलच्या हातात चमचा होता. तो तिने बशीत ठेवला, आवाज न करता.

"हे कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"सांगायला कशाला लागतं? काका, तुम्हीच सांगा ना त्यांना," मीनाक्षी माझ्याकडे वळली आणि मराठीत बोलू लागली. "हृषीकेशने आणलं यांना. दोन-तीन आठवड्यांनी तोच हृषीकेश यतिनला घेऊन आला. यतिन तिथे, तुम्ही बसलात तिथेच बसला, चहा घेतला, आणि म्हणाला, वहिनी, तुमचा कार पार्कचा त्रास माझ्या लक्षात आहे. आता मी त्याला कधी सांगितलं होतं? मी सांगितलं होतं मॅडमना. फोन कानाला लावते ते. ते वाक्य माझं आहे, पत्रकात आलं ना मोठ्या अक्षरात. आमच्या ह्यांनी फोटो काढून सासूबाईंना पाठवला."

मी हे ओदिलला इंग्रजीत सांगितलं. सांगताना मधेच त्याचा मलाच अर्थ लागला आणि माझी जीभ अडखळली. तिने मला पुरं करायला लावलं. मग ती मीनाक्षीकडे वळली.

"मग तू मला जे सांगितलंस..."

"खोटं नव्हतं हं ते, मॅडम. पण आपल्याच माणसाचं काम आहे म्हटल्यावर आपण नीट बोलतो ना. सगळं नाही सांगत. तुम्ही विचारलं होतंत, मत कोणाला द्यायचं ते कसं ठरवतेस. मी म्हटलं, पॉलिसी वाचून." मीनाक्षी हसली. "पॉलिसी कोण वाचतं?"

"मग खरं कसं ठरवतेस?"

मीनाक्षीने रेकॉर्डर दिसतो का म्हणून टेबलाकडे पाहिलं. ओदिल म्हणाली, तो आणलेलाच नाही. मीनाक्षीने मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चिवडा घ्या ना काका, तुम्ही काहीच घेतलं नाही."

त्या दिवशी आम्ही आणखी दोन घरांत गेलो. एका ठिकाणी गृहस्थ म्हणाले, मी स्वतः सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मॅडम येतील तेव्हा चांगलं बोला, मराठी माणूस उभा राहतोय. म्हणजे एप्रिलमध्येच? मी विचारलं. हो, हृषीकेश बरोबर होता म्हणजे काहीतरी असणार, हे काय कळत नाही का आम्हाला. दुसऱ्या घरातल्या बाईंनी ओदिलचा हात धरून सांगितलं की आम्ही तुमच्याबद्दल वाईट काही बोललो नाही, आणि यतिनला मत नक्की.

परतताना ओदिल मागच्या सीटवर बसली. एरवी ती पुढे बसते आणि मला लेन बदलायच्या सूचना देते. मी आरशातून दोनदा पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत नव्हती, समोरच्या सीटच्या पाठीकडे पाहत होती. मीच तिला सांगितलं होतं की हृषीकेशला घेऊन जा, म्हणजे दारं उघडतील. उघडली होती.

संध्याकाळी हृषीकेश आणि यतिन आमच्याकडे आले, मोदकांचा डबा घेऊन. फ्लेक्सबद्दल माफी मागायची म्हणून. नीलिमाने ओदिलला वर बोलावलं. ती आली, खुर्चीवर बसली आणि माफीबद्दल काही बोलायच्या आत हृषीकेशला म्हणाली, "प्रत्येक घरातून निघाल्यावर तू काय करायचास?"

"म्हणजे, मॅडम?"

"मला घरी सोडल्यावर."

"तेव्हा? यतिनला फोन करायचो." तो अगदी सहज बोलला, उलट आपलं काम कोणी विचारतंय म्हणून त्याला बरं वाटलेलं दिसलं. "तो तेव्हा विचार करत होता उभं राहायचा. मी त्याला सांगायचो, आज अमक्याकडे गेलो होतो, त्यांना हा त्रास आहे, तमक्यांना शाळेसमोरच्या ट्रॅफिकचा आहे. मॅडम, तुम्ही प्रश्न इतके भारी विचारायचात. आम्ही वर्षानुवर्षं जातो या घरांत, कोणी आम्हाला असं सांगितलं नव्हतं. यतिन म्हणायचा, हे सोनं आहे."

यतिनचा चेहरा मी पाहत होतो. तो हृषीकेशकडे वळला. "तू मला सांगितलं होतंस की मॅडमना माहीत आहे."

"मी असं कुठे म्हटलं? मी म्हटलं, मॅडमच्या मीटिंगमधून आलंय."

"अरे, त्याचा अर्थ काय होतो? मला वाटलं, त्या मदत करतायत. मी त्यांना भेटून थँक यू म्हणणार होतो."

"मग म्हण की आता," हृषीकेश म्हणाला. पण म्हणताना त्याचा आवाज बारीक झाला. त्याला काहीतरी कळायला लागलं होतं.

नीलिमाने डबा उघडला आणि तसाच मिटला.

"चाळीस वर्षं," ओदिल म्हणाली, "चाळीस वर्षं मी विचारत आले की हे लोक लोकांची भाषा उचलतात कुठून. आणि माझ्या शेजारी, त्याच सोफ्यावर बसून ती याने उचलली. मी बिस्किटांची प्लेट त्याच्यापुढे केली." ती रागावलेली नव्हती. राग आला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. समोर अपघात झाल्यावर माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहतो तशी ती आम्हा सगळ्यांकडे पाहत होती. "मी त्या पत्रकाचं कौतुक केलं होतं, नीलिमा. तुझ्याच घरात."

यतिन म्हणाला, "मी ते पत्रक थांबवतो. उरलेलं वाटणार नाही."

"त्याच्यातलं वाक्य मीनाक्षीचं आहे. तिला विचार. तिला ते आवडलंय."

मग तिने फोन काढला, चष्मा डोक्यावर सरकवला आणि एका बोटाने लिहायला लागली. बराच वेळ लागला. लिहून झाल्यावर तिने ते आम्हाला वाचून दाखवलं, कदाचित आम्ही साक्षीदार असावं म्हणून. युनिव्हर्सिटीला लिहिलं होतं की कोणाची परवानगी विचारायची गरज राहिलेली नाही. सगळ्या मुलाखती काढून टाकाव्या. त्या घेतल्या तेव्हा प्रचार सुरू झालेला होता, फक्त मला माहीत नव्हतं.

"सगळ्या?" हृषीकेश म्हणाला. "मॅडम, मीनाक्षीवहिनींची पण? ती किती छान झाली होती."

"ती सगळ्यात आधी," ओदिल म्हणाली आणि बटण दाबलं.

मी आयुष्यभर हिशेब पाहिले. चूक सापडली की ती कुठे झाली ते शोधायचं, दुरुस्त करायची, पुढे जायचं. पण अख्खं कामच दुसऱ्याच्या नावावर जमा झालेलं आहे आणि कोणीही चोरी केलेली नाही, असं मी कधी पाहिलं नव्हतं. हृषीकेश गेल्यावर बराच वेळ नीलिमा टेबल पुसत राहिली, स्वच्छ असलेलं.

मुलाखती पुसल्या गेल्या. यतिन निवडून आला. मंडळाने त्याचा सत्कार ठेवला तेव्हा ओदिलला बोलावणं गेलं नाही. हृषीकेशला आता न विचारता काही करायची भीती वाटत होती, आणि विचारायचीही. पुस्तकाबद्दल ओदिलने पुन्हा कधी काही म्हटलं नाही. युनिव्हर्सिटीतलं टेबलही तिने सोडून दिलं. ती जिन्यात भेटली की नेहमीसारखी बोलायची, भाज्यांबद्दल, ट्रॅकवर्कमुळे बंद असलेल्या ट्रेनबद्दल. पण जेवायला ये म्हटलं की आज नको म्हणायची. तिच्या घरातून टीव्हीचा आवाज यायचा तोही थांबला होता. नीलिमा मला म्हणाली, "ती आजारी पडेल. काहीतरी कर." मी काय करणार?

नोव्हेंबरमध्ये मीनाक्षीचा फोन आला.

"काका, मॅडम कशा आहेत? मला कळलं, सगळं डिलीट केलं म्हणे."

"हो."

"माझ्यामुळे का?"

"नाही गं. तू खरं सांगितलंस."

"नाही ना काका, तेच तर. सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं ना, ठरवतेस कसं. ते डोक्यातून जात नाहीये. कोणी असं विचारलंच नव्हतं आधी. त्यांना घेऊन याल का? पुस्तकासाठी नाही. असंच."

मी ओदिलला सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणेल. तिने दारात उभी राहूनच विचारलं, "असंच म्हणजे?"

"असंच म्हणजे असंच. कशासाठी नाही."

"मग मी काही विचारायचं नाही?"

"ते तुमचं तुम्ही दोघी बघा."

रविवारी मी तिला घेऊन गेलो. ऊन कडक होतं, रस्त्यावर कोणी नव्हतं. मीनाक्षीच्या घरासमोर गाडी लावली आणि सवयीने मीही उतरलो, दार वाजवायला, 'या आमच्या मॅडम' म्हणायला. ओदिलने माझ्या दंडाला हात लावून मला थांबवलं. तेवढ्यात मीनाक्षीने दार उघडलं. तिने मला पाहिलं, संकोचली आणि म्हणाली, "काका, तुम्ही रागवू नका हं, पण..."

"मी गाडीतच बसतो," मी म्हटलं.

ओदिल एकटी आत गेली. दार लागलं. मी काच खाली केली, सीट मागे केली आणि बसून राहिलो. बऱ्याच वेळाने मीनाक्षीचा नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला, मला देऊन शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, "मलाही बाहेर काढलंय." आम्ही दोघं क्रिकेटबद्दल बोललो.

ओदिल बाहेर आली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. ती पुढच्या सीटवर बसली. काय झालं, मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. मोटरवेवर तिने मला लेन बदलायला सांगितलं, उशिरा, आणि मी चुकीच्या एक्झिटला बाहेर पडलो.